रक्त स्वतःचे, पण नळी कोणाची?

संपादक महाशयांस,

रुग्णाचे स्वतःचेच रक्त वापरले जात असल्यामुळे केशवृद्धीसाठी व चेहऱ्यासाठी प्लेटलेटयुक्त द्रव टोचण्याच्या उपचारात संसर्गाचे भय बाळगण्याचे प्रयोजन नाही, असा जो निर्वाळा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला अत्यंत धोक्याचा वाटतो. दंडातून काढलेले रक्त यंत्रात वेगाने फिरवून प्लेटलेटयुक्त द्रव वेगळा करावा व तो त्वचेत टोचावा, ही कृती तत्त्वतः निर्दोष आहे, आणि आनुवंशिक टकलाच्या प्रारंभी काहींचे केस तिने दाट होतात, हेही मला मान्य आहे. परंतु अमेरिकेत न्यू मेक्सिको येथील एका विनापरवाना सौंदर्यालयाची 2018 साली तपासणी झाली, तेव्हा नावाची चिठ्ठी नसलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि शीतपेटीत खाद्यपदार्थांशेजारी आढळल्या, व तेथे हा उपचार घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. नळीवर नाव आपल्यासमक्ष लिहिले काय, सुईचे वेष्टन आपल्यासमक्ष फोडले काय, टोचणाऱ्यापाशी वैद्यकीय नोंदणीचा दाखला आहे काय, एवढी चौकशी करण्याचा रुग्णाचा हक्क पत्रलेखकांनी अनावश्यक ठरवू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक