फिनिश लाइनच्या पुढची जागा

23 ऑक्टोबर 2021, शनिवार. अमेरिकेत टेक्सासमधल्या केरव्हिल इथे विमानतळाच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती भरल्या होत्या. प्रेक्षकांनी येताना घरून खुर्च्या आणाव्यात, असे आवाहन होते. शर्यतीचे अंतर पाव मैलही नव्हते, त्याच्या निम्मे होते. दुपारी एका मोटारीवरचा ताबा सुटला, ती पट्टी सोडून बाहेर गेली आणि उभ्या गाड्यांवर आणि माणसांवर आदळली. सहा आणि आठ वर्षांची दोन मुले गेली. ट्रॅकच्या काही भागाला पाणी भरलेले अडथळे लावलेले होते. मोटार जिथून बाहेर पडली, तिथे ते नव्हते.

हा शेवटचा तपशील आपल्याकडच्या प्रत्येक आयोजकाने लक्षात ठेवावा. कारण आपली ड्रॅगही बहुतेक वेळा उसन्या जागेवरच होते. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीची हवाईपट्टी हे त्याचे ठळक उदाहरण. धावपट्टी विमानासाठी बांधलेली असते. तिच्या कडेला भिंत नसते, कारण विमानाला ती नको असते. सपाट, मोकळी कड पाहून माणसे आपसूक पुढे सरकतात, आणि सगळ्यात जास्त गर्दी फिनिश लाइनपाशी होते, म्हणजे गाडीचा वेग जिथे सर्वाधिक असतो तिथेच.

आता थोडा हिशेब. ताशी 200 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 55 मीटर जाते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर उत्तम ब्रेक लागले तरी ती थांबायला साधारण 200 मीटर लागतात. वेग 250 झाला की हेच अंतर 300 च्या वर जाते. वेग सव्वापट झाला तर अंतर दीडपटीहून जास्त वाढते. यात चालकाला भान यायला लागणारा सेकंद धरलेला नाही. टायरखाली आलेली वाळू धरलेली नाही, तापून मऊ पडलेले ब्रेकही नाहीत. अशा वेळी 402 मीटरच्या शर्यतीपुढे किमान तेवढीच मोकळी जागा हवी, आणि हौशी चालक असतील तर त्याहून बरीच जास्त.

जागा नसेल तर? याचे उत्तर व्यावसायिक ड्रॅगने फार मोठी किंमत मोजून शोधले आहे. 21 जून 2008 रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कलिटा यांच्या फनी कारचे इंजिन फिनिश लाइनजवळ फुटले. पॅराशूटचा उपयोग झाला नाही. गाडी वाळूचा पट्टा ओलांडून पुढे आदळली आणि कलिटा गेले. त्यानंतर दोन आठवडे उलटायच्या आतच एनएचआरए या संघटनेने टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वांत वेगवान गटांसाठी शर्यत 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणली. ट्रॅक लांबवणे शक्य नव्हते, म्हणून शर्यत आखूड केली. पाव मैल ही या खेळाची ओळख असताना तो निर्णय झाला. आपल्याकडे एखाद्या छोट्या मेळ्याने 201 मीटरची शर्यत ठेवली तर त्यात कमीपणा कसला?

दुसरा मुद्दा स्क्रुटिनीचा. चांगला तपासनीस बॉनेट उघडल्यावर टर्बोकडे नंतर बघतो. आधी दोन्ही हातांनी बॅटरी धरून हलवतो. बॅटरी डिकीत नेलेली असेल, तर तिचा पुरवठा तोडणारे बटण गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून हाताला लागते का, हे पाहतो. मग खाली वाकून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टभोवतीचे लोखंडी कडे चाचपतो. एनएचआरएच्या नियमानुसार ते पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत हवे. तो जॉइंट तुटला आणि कडे नसले, तर शाफ्ट डांबरात रुततो आणि धावती गाडी उचलून पलटी करतो. रेडिएटरमध्ये नुसते पाणी हवे, कूलंट नको. पाणी वाळून जाते. कूलंटचा बुळबुळीत थर मात्र मागून येणाऱ्यासाठी तसाच राहतो. दुचाकी असेल, तर चालक पडताच इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगाला बांधलेली हवी. घासून-पुसून आणलेल्या यामाहा आरएक्सच्या मालकाला हे पटत नाही, हे खरे आहे. तरी त्याला परत पाठवण्याचा अधिकार मार्शलकडे असला पाहिजे आणि आयोजकाने तेव्हा मार्शलच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

हे ट्रॅक बंद करावेत, असे या मासिकाला मुळीच वाटत नाही. ते बंद झाले तर पोरे रात्री हमरस्त्यावर उतरतील. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी लावलेली शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि तिथे ना अडथळे असतात, ना रुग्णवाहिका. म्हणूनच आहेत ते ट्रॅक नीट चालले पाहिजेत.

पावसाळा संपला की तारखा जाहीर होऊ लागतील. धावपट्टीची एकूण लांबी, शर्यतीचे अंतर आणि फिनिश लाइनपुढे उरणारी जागा हे तीन आकडे आयोजकांनी प्रवेशअर्जावरच छापावेत. अडथळे कुठपर्यंत लावणार, हेही लिहावे. अर्जावर ते नसेल तर ट्यूनरने फोन करून विचारावे, आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत गाडी ट्रेलरवरून उतरवू नये.