पाय जमिनीवर

सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकवून, हात हँडलवर सैल सोडून, शेजारच्या बाइकवाल्याकडे तिरक्या नजरेनं बघण्यात काय सुख असतं, ते सहा फुटी लोकांना कळणार नाही. त्यासाठी माझ्यासारखं पाच फूट तीन इंच असावं लागतं. कॉलेजात मित्रांच्या बुलेटवर मी कायम मागेच बसलो. पुढे बसलो की एकच पाय टेकायचा, तोही चवड्यावर. दुसरा हवेत लोंबकळायचा आणि मित्र हसायचे. तेव्हाच ठरवलं होतं, कमवायला लागलो की क्रूझर घ्यायची. बसकी, ऐसपैस, पाय पुढे सोडून चालवायची.

तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड ॲव्हेंजर मिळाली. काळी, २२० सीसी, २०१६ सालची. आधीच्या मालकानं ती 'लो' करून घेतली होती. मागून अशी बसलेली, की हॉलिवूडच्या सिनेमातला चॉपरच! मी बसलो, टाचा टेकल्या, वर गुडघेही वाकले. बस्स, जागेवर टोकन दिलं. लो केलीय म्हणजे नक्की काय केलंय, हे विचारायचं सुचलंच नाही. प्रेमात पडलेला माणूस कागदपत्रं कुठे बघतो?

पहिले सहा महिने फुल टू टशनमध्ये गेले. मग एकेक लक्षात यायला लागलं. रात्री समोरून येणारे सगळे मला डिपर मारायचे. मला वाटायचं, गाडी आवडली असेल. प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोटाखालून खर्रर्र आवाज यायचा. खड्ड्यातून गेलो की मणक्यात कोणीतरी हातोडा मारल्यासारखं व्हायचं. आणि बायको गाडीवर बसायची बंद झाली. आधी तिची ऑफिसची बस सोयीची झाली, मग वीकेंडलाही 'रिक्षानं जाऊया ना' सुरू झालं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. माझं काहीतरी चुकलंय, एवढं कळत होतं. काय चुकलंय, ते कळत नव्हतं.

कळलं दिवे घाटात. जेजुरीला निघालो होतो, मीच हट्टानं तिला गाडीवर बसवलेलं. एका डाव्या वळणावर गाडी कलली आणि खालून लोखंड रस्त्याला घासलं. मागचं चाक क्षणभर हलकं झालं, गाडी सरळ झाली आणि आम्ही वळण सोडून उजवीकडे, समोरच्या लेनमध्ये. समोर एसटी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून हा कॉलम लिहितोय.

ती काहीच बोलली नाही. दर्शन झालं, भंडारा उधळून झाला, पायऱ्या उतरलो. मग म्हणाली, "तू गाडी घेऊन पुढे हो. मी एसटीनं येते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून गाडी मेकॅनिककाकांकडे नेली. काकांनी चहा संपवला, खाली बसले, मागच्या दोन शॉकअपकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे कुठल्या गाडीचे बसवलेत?" टेप लावला. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजलं. मूळ शॉकअपपेक्षा दीड इंचानं आखूड. शॉकअप तिरके असतात आणि चाकाच्या आसाच्या थोडे पुढे बसतात, त्यामुळे गाडी दीड इंचाहून जरा जास्तच खाली आलेली.

"दीड इंचच ना?" मी म्हणालो.

काकांनी मग फंडा क्लिअर केला. अशा क्रूझरच्या मागच्या चाकाला वर-खाली व्हायला मुळात जागा असते नऊ-दहा सेंटीमीटर. खड्डा आला की चाकानं वर जायचं आणि आपण जागच्या जागी राहायचं, यालाच सस्पेन्शन म्हणतात. आखूड शॉकअप लावले की ही जागाच कमी होते. दोन माणसं बसली की जी उरते तीही संपते. मग खड्ड्यात चाक वर जात नाही, आख्खी गाडी वर उडते. आणि सगळ्यात जास्त उडतो तो मागे बसलेला माणूस, कारण तो जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो.

बायको रिक्षा का मागत होती, ते मला तिथे, ग्रीस सांडलेल्या फरशीवर उभं राहून कळलं.

बाकीची कोडीही मग सुटली. मागची बाजू खाली बसली की नाक वर होतं, म्हणजे हेडलाइटचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. डिपरचं रहस्य हे! पुढचे शॉकअपही आणखी तिरके होतात. क्रूझरचे ते मुळातच तिरके असतात, म्हणून ती सरळ रस्त्यावर राजासारखी चालते आणि वळायला आळस करते. आता तो आळस दुप्पट. आणि जमिनीपासूनची उंची? कंपनीतून येताना या गाडीच्या पोटाखाली १६९ मिलिमीटर जागा असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून ताशी पंचवीसच्या वेगानं आरामात जाते. पण आपल्या गल्लीतला ब्रेकर निकष वाचून घातलेला नसतो. तो अरुंद, टोकदार, रातोरात उगवलेला उंचवटा असतो. तिथे एकेक मिलिमीटर कामाला येतो.

मी तरी एक पळवाट काढून बघितलीच. शॉकअपला खाली खाचा असतात, पाना लावून फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. म्हटलं, पाचव्या खाचेवर टाका, होईल वर. काकांनी मान हलवली, पण टाकलं. गाडी जराशी उचलली गेली, पण नुसत्या हादऱ्यांनी दात वाजायला लागले. खाच फिरवून आखूड शॉकअप लांब होत नाही. गेलेली जागा परत येत नाही. टाचेवर उभं राहून उंची वाढते का? मला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

शेवटी नाना पेठेत जाऊन ॲव्हेंजरचीच, मूळ लांबीची नवी जोडी आणली. खर्च म्हणाल, तर दोन-तीन वीकेंडच्या पार्ट्या. इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, मागचं चाक अधांतरी. जुने शॉकअप काढले, चिमटा हळूहळू खाली सोडला, बुश तपासले, नवे बसवले, बोल्ट आवळले. अर्ध्या तासाचं काम. मी पाकीट काढलं.

"थांबा," काका म्हणाले आणि गाडी साइड स्टँडवर लावली. गाडी शेजारच्या स्कूटरच्या अंगावरच कलली. आधीच्या मालकानं स्टँडही कापून आखूड केला होता. खाली आणलेली गाडी मूळ स्टँडवर फार सरळ उभी राहते आणि धक्का लागला की पलीकडे पडते, म्हणून. आता उंची परत आली आणि आखूड स्टँड उघडा पडला. नवा स्टँड आला. मग चेनचा ढिलेपणा नव्यानं बघितला, कारण चिमट्याचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो. मग हेडलाइट भिंतीवर मारून झोत नव्यानं तपासला. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी तिच्या मागून जातात आणि परत आणतानाही त्या चारही परत आणाव्या लागतात.

शेवटचं माप घरी, पार्किंगमध्ये घेतलं. टेप बायकोच्या हातात. चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर, सीटखालच्या बोल्टपर्यंत ५२ सेंटीमीटर. मी बसल्यावर ४९. म्हणजे तीन सेंटीमीटर बसली, एकूण जागेच्या साधारण एक तृतीयांश. काकांनी एवढंच सांगितलं होतं. ती मागे बसल्यावर गाडी आणखी दबली, मग एक खाच वर घेतली.

आता खरी परीक्षा. मी बसलो, श्वास रोखला, पाय सोडले. चवडे टेकले, आणि टाचाही टेकल्याच की जवळजवळ! कारण या गाडीचं सीट मुळातच साडेसातशे मिलिमीटरपेक्षा खाली आहे. स्प्लेंडरचं ७८५ असतं. माझ्यासाठी आधीच पुरेशी बसकी असलेली गाडी आणखी बसकी करून हवी होती ती माझ्या पायांना नाही, माझ्या डोक्याला. कॉलेजातल्या त्या हसण्याला.

गेल्या महिन्यात परत जेजुरीला गेलो. दिवे घाटातल्या त्याच वळणावर मी आपोआप अंग आखडलं. खालून आवाज आला नाही. मागून आला. ती ऑफिसमधल्या कुणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होती, वळणभर, न थांबता.

जाता जाता : लो केलेली गाडी घेताय?

• शॉकअपची बोल्ट ते बोल्ट लांबी मोजा आणि मूळ गाडीशी ताडून बघा.
• साइड स्टँडवर वेल्डिंगची खूण दिसते का, ते पाहा.
• सायलेन्सर, फूटरेस्ट आणि इंजिनखाली घासल्याचे ओरखडे शोधा.
• टेस्ट राइड दोघांनी घ्या. मागे बसणाऱ्याचं मत आधी विचारा, आपलं नंतर.