सांकेतिक बोलीची टवाळी पुरे



तृतीयपंथी आणि समलिंगी मंडळींच्या सांकेतिक बोलीवर हल्ली रील निघतात. शब्दांची यादी वाचून हशा पिकवायचा आणि वर ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ असा शेरा मारायचा, हे आता नित्याचे झाले आहे. ही बोली खूळ नाही आणि पाश्चात्त्य तर मुळीच नाही.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर दोन कोती (बायकी वळणाचे समलिंगी पुरुष) गप्पा मारत उभ्या असतात. समोरून देखणा तरुण जातो. एक म्हणते, ‘चिस्सा आहे!’ दुसरी हसते. शेजारच्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही. वाक्याची ठेवण मराठी किंवा हिंदी, मोक्याचा शब्द तेवढा निराळा. हिजड्यांच्या घराण्यांत हिला ‘फारसी’ म्हणतात. इराणच्या फारसीशी नाते मात्र नावापुरतेच. गुरूकडून चेल्याकडे ती तोंडीच जाते.

तिची गरज भीतीतून आली. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 खाली समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. शिवाय पोलिसांचा दंडुका, पैसे उकळणारे आणि घरची अब्रू हे होतेच. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला आपल्या व्यापाऱ्यांनी नंदभाषा वापरली, महानुभाव पंथीयांनी ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत झाकून ठेवले. त्यांचे आपण कौतुक करतो आणि यांची टिंगल. हा दुटप्पीपणा झाला.

‘377 गेले, मग लपवाछपवी कशाला?’ असे कोणी विचारील. ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांची ‘पोलारी’ बोली होती. 1967 मध्ये इंग्लंड-वेल्समधला कायदा सैलावला, बीबीसी रेडिओच्या विनोदी कार्यक्रमामुळे तिचे शब्द घरोघरी पोचले आणि ती मागे पडली. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदा बदलला. घरमालक आणि सोयरेधायरे बदललेले नाहीत. आडोसा लागतो आहे तोवर तो चव्हाट्यावर आणण्याचा हक्क बाहेरच्यांना नाही.

राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. त्यात या बोलीलाही जागा द्यावी. पण बोलणाऱ्यांच्या संमतीने, आणि काय छापायचे व काय नाही हे त्यांनाच ठरवू देऊन. रीलवाल्यांनी तोवर दुसरा विषय शोधावा.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक