युद्ध युरोपात, वसुली नांदेड-लातुरात

माननीय केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,



युरोपच्या सुरक्षेवरून अमेरिका आणि रशिया भांडतात, त्याचा नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असं दिल्लीत कुणी विचारलंच तर आपल्याच खात्याच्या अधिसूचना त्यांच्यापुढे ठेवा.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं सूर्यफूल तेल मुख्यतः याच दोन देशांतून यायचं. खाद्यतेल कडाडलं तसं मे महिन्यात सरकारने कच्चं सोयातेल आणि सूर्यफूल तेल, प्रत्येकी वर्षाला २० लाख टन, शुल्कमुक्त केलं, तेही दोन वर्षांसाठी. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला, लातूरच्या अडतीवर सोयाबीनचा भाव उतरला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लागलं आणि मे २०२५ च्या अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते १० वर आलं. शेतकऱ्याने कोणता आकडा धरून पेरायचं?

कापसाची तऱ्हा याहून वाईट. रशियाचं खनिज तेल घेतो म्हणून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर आणखी २५ टक्के कर लादला, एकूण ५०. कापड निर्यातदारांना आधार म्हणून आपण १९ ऑगस्टपासूनच कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. त्याच सुमारास नांदेडच्या मुखेड तालुक्यातली हसनाळ, रावणगाव ही गावं पुरात बुडाली होती. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे दसऱ्यानंतरचा वेचणीचा भर नेमका तिच्यात सापडला.

हमीभाव आहेच, असं आपण म्हणाल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये होता, खरं. पण भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही, आणि त्या वर्षी पावसाने कोरडा ठेवला होता कुणाचा? भिजलेला माल व्यापाऱ्याच्याच दारात जातो.

रशियाचं तेल घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. परराष्ट्र धोरण देशाचं असतं. मग त्याचा भारही देशाच्या तिजोरीने उचलावा. निर्यातदाराला व्याजसवलत द्या, ती सगळ्यांच्या करातून जाते. शुल्कमाफी मात्र एकट्या कापूसवाल्याच्या खिशातून जाते.

तेव्हा विनंती एवढीच: खाद्यतेल आणि कापसावरचं शुल्क मृगाच्या आधी जाहीर करा आणि माल बाजारात येऊन संपेपर्यंत त्याला हात लावू नका. लावावाच लागला, तर हमीभावातला फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर दिलं, मराठवाड्यालाही द्या.

आपला,
मराठवाड्यातला एक शेतकरी