जुना ट्रॅक्टर: आवाज ऐका, पण कागद आधी वाचा

मागचे दोन शनिवार-रविवार इथे काहीच लिहिलं नाही, कारण चारही दिवस जुने ट्रॅक्टर पाहण्यात गेले. सोमवारी मिहानमधल्या एसी ऑफिसात बसलो तरी हाताला डिझेलचा वास येत होता. आता व्यवहार पार पडलाय, म्हणून जे शिकलो ते लिहून टाकतो.

तर झालं असं. आमचं गाव काटोल तालुक्यात. आठ एकर वावर. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन आणि विहिरीला पाणी असेल तेवढ्यात हरभरा-गहू. दोन वर्षांपूर्वी आमचा सालदार बुटीबोरीला कंपनीत लागला. नवा सालदार काही मिळाला नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांनी बैलांमागे चालायला नकार दिला. बैलजोडी विकली. त्या वर्षी पोळ्याला आई दिवसभर गप्प होती. तेव्हापासून सगळी कामं भाड्याच्या ट्रॅक्टरवर.

भाड्याच्या ट्रॅक्टरची अडचण पैशाची नाही, नंबराची आहे. जूनमध्ये पाऊस पडला की काळ्या जमिनीला वाफसा येतो तो दोन-तीन दिवसांसाठी. त्याआधी गेलात तर चाकं रुततात, नंतर गेलात तर ढेकळं निघतात. नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. ट्रॅक्टरवाला आधी वीस एकरवाल्याकडे जाणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मागच्या हंगामात आमचा नंबर सहाव्या दिवशी लागला. वरची ओल गेलेली. तरी पेरलं. मग पावसानं पंधरा दिवस दडी मारली आणि तूर निम्मीच उगवली. दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, भाडं पुन्हा.

तेव्हा मी बाबांना म्हणालो, "बाबा, नवा ट्रॅक्टर घेऊ. हप्ता मी भरतो." त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला. शोरूमवाल्यानं तेवढंच चार वेळा ऐकवलं.

बाबा म्हणाले, "जुना पाहू. तुझ्या नोकरीच्या भरवशावर वावर नाही चालवायचं."

मला राग आला. खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. पण मी इंजिनिअर माणूस, भांडायच्या आधी एक्सेल उघडलं. आणि तिथे माझीच पंचाईत झाली.

आठ एकरांत ट्रॅक्टर वर्षाला चालणार किती तास? नांगरणी एकरी दोन तास धरली तर सोळा तास. दोन्ही हंगामांची रोटाव्हेटर आणि पेरणीची कामं मिळून पस्तीस-चाळीस. ट्रॉलीनं शेणखत नेणं, माल आणणं, फवारणीचं पाणी, असं सगळं मिळून आणखी चाळीस-पन्नास. म्हणजे जेमतेम शंभर तास. वर्षाचे ८,७६० तास असतात. उरलेले साडेआठ हजारांहून जास्त तास तो शेडमध्ये उभा राहणार, आणि व्याज मात्र रात्रंदिवस चालणार!

नवा चाळीस एचपीचा ट्रॅक्टर अंदाजे सात लाख. दहा वर्षांनी अडीच लाखांत गेला असं धरा. घसारा वर्षाला पंचेचाळीस हजार. पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर व्याज साधारण दीड लाख, म्हणजे दहा वर्षांत विभागून वर्षाला पंधरा हजार. विमा आणि किरकोळ खर्च सहा हजार. झाले सहासष्ट हजार. शंभर तासांनी भागा: तासाला ६६० रुपये, तेही डिझेल न टाकता.

जुना अडीच लाखांचा घेतला, सहा वर्षांनी सव्वा लाखात विकला, तर वर्षाला एकवीस हजार गेले. दुरुस्तीचे वीस हजार धरा, विम्याचे चार हजार. पंचेचाळीस हजार, म्हणजे तासाला ४५०. आणि आमच्याकडे भाड्याचा दर डिझेल वजा केलं तर तासाला साडेपाचशेच्या आसपास पडतो.

आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण चित्र साधारण हेच. भाड्यापेक्षा नवा महाग. भाड्यापेक्षा जुना स्वस्त, पण फार नाही. वर्षाला दहा हजार वाचले तर वाचले. म्हणजे जुन्या ट्रॅक्टरमधून तुम्ही पैसा वाचवत नाही, वाफशाचे दोन दिवस विकत घेता. ज्यानं एकदा दुबार पेरणी केली आहे त्याला त्या दोन दिवसांची किंमत मी सांगायची गरज नाही.

आणि हप्त्याचं काय? पाच लाखांच्या कर्जाचा सहामाही हप्ता पासष्ट हजारांच्या घरात जातो. कापसाचा भाव पडो, बोंडअळी येवो, हप्त्याची तारीख बदलत नाही. विदर्भात राहणाऱ्या माणसाला यावर जास्त काही लिहायला नको. माझी नोकरी गेली तर? आमच्या क्षेत्रात ईमेल यायला पाच मिनिटं लागतात. बाबा चूक नव्हतेच.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरांपेक्षाही कमी. तेवढ्या जमिनीत चाळीस-पन्नास तासांपलीकडे काम निघणार नाही. तिथे जुना ट्रॅक्टरसुद्धा एकट्यानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन शेजाऱ्यांनी, भावांनी मिळून घ्यावा आणि नंबर कोणाचा हे पाऊस पडायच्या आधी कागदावर लिहून ठेवावं. दारात लाल ट्रॅक्टर उभा असला की सोयरिकीला बरं दिसतं, हे कारण शंभर तासांच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

तर जुना घ्यायचं ठरलं. आता कोणता?

गावातला मिस्त्री सोबत घेतला. माझ्या मते ट्रॅक्टर निवडण्याआधी मिस्त्री निवडावा. आपल्या मिस्त्रीला जी गाडी उघडता येते आणि जिचे स्पेअर काटोलला मिळतात, तीच आपली गाडी. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, त्यामुळे आमच्या भागात स्पेअरची आणि जाणत्या हातांची तशी वानवा नाही. एचएमटीचं उदाहरण बघा. झेटर या चेक कंपनीच्या तंत्रज्ञानावर १९७१ पासून पिंजोरला ट्रॅक्टर बनू लागले, आणि २०१६ मध्ये सरकारनं तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कंपनीचा सपोर्ट संपला, तरी ते ट्रॅक्टर अजून खेड्यांत चालताना दिसतात. का? मेकॅनिकल पंप, साधी रचना, आणि लेथवर बुश वळवून देणारा माणूस. सॉफ्टवेअरमध्ये सपोर्ट संपलेली सिस्टीम दहा वर्षं चालवून दाखवा बरं!

आमचा मिस्त्री कमी बोलणारा. पहिल्या ठिकाणी गेल्याबरोबर त्यानं चावी न लावता बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला आणि परत फिरला. म्हणाला, "गरम आहे भाऊ. आपण यायच्या आधी चालू करून ठेवला यानं." थंड इंजिन सकाळी पहिल्या झटक्यात चालू होतं का, ही पहिली परीक्षा. मग त्यानं दाखवलेल्या गोष्टी माझ्या शब्दांत:

ऑइल टाकायचं झाकण चालू इंजिनावर उघडा. तिथून धुराचे भपके येत असतील तर रिंगा-लायनर गेले. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर दुधासारखं ऑइल म्हणजे आत पाणी शिरलंय. मागे नांगर लावून हायड्रॉलिकनं वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला असेल तर खर्च आहे. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लचचं पेडल किती झिजलंय ते बघा. मागच्या टायरांची किंमत मनातल्या मनात आधीच वजा करा. नवा कोरा रंग दिसला की खुश होऊ नका, काय झाकलंय ते विचारा.

आणि मागच्या पीटीओ शाफ्टवर कव्हर आहे का बघा. जुन्या ट्रॅक्टरांवर ते बहुधा नसतंच. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदर किंवा दुपट्टा अडकला तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. दुपट्टा तर आमच्या नागपुरात उन्हाळ्यात सगळेच बांधतात. कव्हर काही फार महाग नसतं. घेतल्या दिवशीच बसवा.

तिसऱ्या ठिकाणचा ट्रॅक्टर बाबांना एकदम आवडला. थंड इंजिन, एका झटक्यात चालू. बाबा डोळे मिटून उभे. "ऐक. कसा मस्त चालून राहिला." मिस्त्रीनंही मान हलवली. दोन लाख वीस हजारांत सौदा. बाबांनी तिथेच अकरा हजार इसार दिला.

मी आरसी मागितली. ती विकणाऱ्याच्या नावावर नव्हती. त्याच्या आधी ज्यानं विकला त्याच्याही नावावर नव्हती. वर्धा जिल्ह्यातल्या कोणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर, आणि तो वारलेला. वर बँकेचा बोजा तसाच. "स्टँप पेपर करून देतो ना साहेब, सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात हे खरं आहे. म्हणूनच आमच्या नात्यातल्या एका काकांची गोष्ट सांगतो. त्यांनी काही वर्षांपूर्वी आपला ट्रॅक्टर स्टँप पेपरवर विकला, पैसे मोजून घेतले आणि विसरून गेले. पुढे त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली एक मोटरसायकलवाला आला. विमा नव्हता. नोटीस काकांच्या घरी आली. काकांना त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं, पण आरटीओच्या दप्तरात मालक तेच! कोर्टाच्या चकरा अजून चालू आहेत.

हे काही काकांचंच दुर्दैव नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. एवढंच काम. आणखी एक: तो ट्रॅक्टर आधी रेतीवर चालला असेल तर महसूल खात्याचा दंड बाकी आहे का, हेही विचारा. आपल्याकडे अवैध रेतीत पकडलेले ट्रॅक्टर तहसिलात उभे दिसतात ते उगाच नाही.

घेणाऱ्याला वाटतं की नाव नाही बदललं तर बिघडलं काय, जबाबदारी तर विकणाऱ्याची. पण विमा कोणाच्या नावानं काढणार? उद्या विकायचा तर सही कोण करणार? तो वारलेला माणूस?

मी नाही म्हणालो. इसार परत मिळाला नाही. परतीच्या रस्त्यावर बाबा काटोल येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अकरा हजार म्हणजे त्यांच्या हिशेबात दीड-पावणेदोन क्विंटल कापूस. उतरताना एवढंच म्हणाले, "इंजिन चांगलं होतं."

होतंच. पण बिघडलेलं इंजिन आमचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो. मेलेल्या माणसाची सही तो करू शकत नाही.

पुढच्या रविवारी दुसरा मिळाला. २००९ चा, एमएच ४०, पहिलाच मालक. पंधरा वर्षं झाल्यावर २०२४ मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पुढच्या एक्सलचे बुश वाजतात, हायड्रॉलिक चहा संपायच्या आत टेकतं. दोन लाख पस्तीस हजार, वर मिस्त्रीच्या मते चाळीस हजारांचं काम. मालक बाबांच्याच वयाचे, मुलं पुण्याला. ते स्वतः आमच्यासोबत आरटीओत आले, सह्या केल्या, आणि निघताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोनदा थाप मारून गेले.

नव्या आरसीवर नाव बाबांचं आहे. माझं टाका म्हणत होते, मीच नको म्हणालो. वावर त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा. मी फक्त एक्सेलवाला.

काल संध्याकाळी फोन आला. "सीट बदलली. कव्हर पण बसवलं तुझं ते." आणि थोडं थांबून, "आवाज काही तितका चांगला नाही याचा."

असो. यंदा जूनमध्ये वाफसा येईल तेव्हा सुट्टी मिळते का बघतो.