आरसा खोटं बोलतो, तरी काढू नका

एकदा बॉईज होस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. निम्म्याहून जास्त बाईकना आरसेच नाहीत. कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली. लूक जातो, गाडी लावताना अडकतात, आणि वर "आरसे मुलींना लागतात". शेवटचं उत्तर मी सोडून देते. पण मेकॅनिकलच्या एकाने दिलेलं उत्तर विचार करण्यासारखं होतं. तो म्हणाला, "त्यात अंतर चुकीचंच दिसतं, मग ठेवायचा कशाला?"

चुकीचं दिसतं हे खरंच आहे. किती चुकीचं, ते मात्र त्याने काढलेलं नव्हतं.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या डोक्यात कॉन्व्हेक्स आणि कॉन्केव्ह. गावाकडची माझी चुलत बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, ती सरळ बहिर्गोल आणि अंतर्गोल म्हणते. एक बाहेर फुगलेला, एक आत गेलेला. पाठ करायला काही उरतच नाही! (गाव खर्डा. मिरचीचा नव्हे, जामखेड तालुक्यातला. १७९५ साली मराठे आणि निजामाची लढाई झाली तो. होस्टेलमध्ये हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.)

तर गाडीचा आरसा बहिर्गोल. त्याची वक्रता त्रिज्या १.२ मीटर धरू, म्हणजे नाभीय अंतर ६० सेंटीमीटर. मागे १२ मीटरवर ट्रक आहे. व्हायवाला पाठ केलेलं सूत्र लावा. ट्रकची प्रतिमा आरशाच्या मागे जेमतेम ५७ सेंटीमीटरवर पडते! म्हणजे प्रतिमा जवळ आहे, तरी ट्रक लांब वाटतो. का? कारण प्रतिमा ट्रकच्या विसाव्या हिश्श्याइतकीच आहे. ट्रक केवढा असतो हे आपल्या मेंदूला पक्कं माहीत असतं. एवढा लहान दिसतोय म्हणजे लांब असणार, असा निकाल तो लावून टाकतो. आरशापासून डोळा ६० सेंटीमीटरवर असेल, तर ट्रक साधारण २५ मीटरवर असल्यासारखा वाटतो. खऱ्याच्या दुप्पट. ट्रक ३० मीटरवर ठेवून पुन्हा गणित करा, ६० येतात. पुन्हा दुप्पटच.

मुद्दा इथे आहे. एका गाडीचा आरसा दर वेळी साधारण तेवढंच खोटं बोलतो. असं खोटं हिशोबात धरता येतं.

मग सपाट आरसा का नाही लावत? लावता येईल, अंतर बरोबर दिसेल, पण मागची एक अरुंद पट्टीच दिसेल. शेजारून घुसणारा त्यात येतच नाही. फुगीर आरसा अंतर बिघडवतो आणि त्या बदल्यात रुंदी देतो. मला हा सौदा मान्य आहे.

आमच्याकडे उसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्याला ओव्हरटेक करायला उजवीकडे निघालं की मागून जीप आलेली असते. "आम्ही मान वळवून बघतो" म्हणणाऱ्यांसाठी: ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. तेवढा वेळ पुढचं काही दिसत नाही. निघण्याआधी एक नजर मागे टाकावीच, पण आरशात बघून झाल्यावर.

वक्र आरसा म्हटलं की आपल्याला जत्रेतला हसवणारा आरसा आठवतो, पोट मोठं आणि पाय आखूड. पण शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी २००९ साली ७३ शेफलर डिश बसवल्या. प्रत्येक डिश १६ चौरस मीटरची, अंतर्गोल. सूर्याबरोबर डिश फिरते, फोकस जागचा हलत नाही. तिथे जमलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो लोकांचं जेवण शिजवायचं, अशी ती योजना. जत्रेतला आरसा कसाही वाकवून चालतो, डिशचा बाक मोजून द्यावा लागतो. (आपल्या मेसच्या गच्चीवर एक तरी डिश का नसावी, यावर वेगळा लेख होईल.)

आता मागणी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार गाडीला आरसा लागतोच, त्यामुळे यात कुणावर उपकार नाहीत. गेटवर आयकार्ड बघतात तसे आरसेही बघावेत, आणि स्टाफच्या गाड्यांनाही तोच नियम लावावा. मेसच्या कोपऱ्यावर भिंतीमुळे कॉलेजची बस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे खांबावर एक मोठा बहिर्गोल आरसा लावावा. गॅदरिंगच्या एका बॅनरच्या पैशात तो येईल.

आणि ज्यांचे आरसे शाबूत आहेत त्यांनी रविवारी एक करून बघा. गाडीवर बसा, मित्राला मागे २० पावलांवर उभं करा. आधी आरशात बघून तो किती पावलांवर वाटतो ते ठरवा, मग वळून बघा. जो फरक येईल तो तुमच्या गाडीचा आकडा.