बिटकॉइन दानाला चालेल, आजारपणाच्या पैशाला नको

एप्रिल २०२१ मध्ये देशात ऑक्सिजनसाठी धावपळ सुरू असताना ऑस्ट्रेलियाचा माजी वेगवान गोलंदाज ब्रेट ली याने भारतातील रुग्णालयांच्या ऑक्सिजनसाठी एक बिटकॉइन दिले. तेव्हा त्याची किंमत साधारण ४० लाख रुपये होती. परदेशातून तातडीची मदत पाठवायला हे चलन उपयोगी पडू शकते. पण म्हणून ते रोजच्या खर्चाला आणि बचतीलाही योग्य, असे मानणे घातक आहे.

रोजच्या खर्चाची अडचण तंत्रातच आहे. बिटकॉइनची नोंदवही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते. तिचे नवे पान सरासरी दहा मिनिटांनी भरते आणि त्यावर मोजक्याच नोंदी मावतात. हिशेब सेकंदाला साधारण सात व्यवहारांचा पडतो. गर्दी झाली की जागेसाठी बोली लागते. हे शुल्क रकमेवर नव्हे, तर नोंदीच्या आकारावर ठरते. डिसेंबर २०१७ मध्ये ते सरासरी ५० डॉलरच्या पुढे गेले होते. औषध दुकानातल्या ८० रुपयांच्या बिलाला हे कसे परवडणार? छोट्या रकमांसाठी ‘लाइटनिंग’ ही जोडव्यवस्था निघाली, ती वेगवान आहे. तरीही एल साल्वादोरचा अनुभव बोलका आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशाने बिटकॉइनला अधिकृत चलन केले, सरकारी अ‍ॅप घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले. अनेकांनी ते खर्च केले आणि अ‍ॅपकडे पाठ फिरवली. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरील सक्ती काढण्यात आली. आपल्याकडे चहाचे दहा रुपयेही यूपीआयने क्षणात पोचतात.

बचतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६८ हजार डॉलरच्या पुढे होते. वर्षभरात ते १६ हजारांच्या आसपास आले. पुढे भाव पुन्हा चढला हे खरे, पण अपेंडिक्सचे दुखणे भाव चढायची वाट पाहत नाही. शिवाय स्वतःकडे ठेवलेल्या बिटकॉइनची गुप्त किल्ली रुग्णालाच ठाऊक असेल आणि तो अतिदक्षता विभागात बेशुद्ध असेल, तर घरच्यांना एक रुपयाही काढता येणार नाही. त्यांनी दाद मागावी अशी बँकेची शाखा नसते. नफ्यावर ३० टक्के कर भरावा लागतो, तो वेगळाच.

उरते दान. तिथे किमतीची जोखीम थोडा वेळच घ्यावी लागते, पण संस्थेने मिळालेले बिटकॉइन लगेच रुपयांत बदलले तरच. सिलिंडरवाला रुपयेच मागतो. नोंदवही सर्वांना खुली असल्याने दान कुठवर पोचले ते दिसते. रुपये झाल्यानंतरचा हिशेब मात्र संस्थेनेच द्यायचा असतो, आणि देणाऱ्याने तो मागायलाच हवा.

ज्याला हौस आहे त्याने बुडाले तरी चालतील एवढेच पैसे त्यात घालावेत. आजारपणासाठी राखलेला पैसा बँकेत आणि आरोग्य विम्यातच असावा, आणि त्याची कागदपत्रे कुठे आहेत हे घरात आणखी एकाला तरी माहीत असावे.